तो स्क्रू आखूड नव्हता

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आपले डॉक्टर, आणि आपापली कुत्री घरी ठेवून इथे आलेल्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. प्राण्यांच्या या दवाखान्यात सव्वीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ऑपरेशनच्या टेबलाशी डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नर्सला पाच मिनिटं! असो.

आत्ताच अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टरांनी वयोमानानुसार विश्रांती घ्यायचं ठरवलं." ठरवलं कोणी? परवा निमंत्रण घ्यायला गेले, तेव्हा क्लार्क बोलून गेला. एका केसमध्ये स्क्रू आखूड बसवला, असं डॉक्टरांनी स्वतःच लिहून दिलंय म्हणे. त्यावरून मंडळाने त्यांची ऑपरेशनं बंद केली.

ती केस माझ्या कुत्र्याची. खरं तर ह्यांच्या. हे गेले, आणि पंधराच दिवसांत तो जिन्यावरून पडला. पुढच्या पायाचं कोपर थेट सांध्यात मोडलं. नळीचं हाड किंचित वाकडं जुळलं तरी कुत्रं धावतं. सांध्यात केसभर फरक राहिला, तर जन्माचं लंगडतं. डॉक्टरांनी तीन तास खपून ते असं जुळवलं, की एक्स-रेत भेग शोधावी लागत होती.

मग सहा आठवडे पिंजरा. शेकडो मालकांना मीच दरडावलंय, "रडू दे, दार उघडायचं नाही. त्याला कळत नाही, तुम्हाला कळतं ना?" तिसऱ्या आठवड्यात तो ह्यांच्या खुर्चीकडे बघून रडायला लागला. मी दार उघडलं. त्याने खुर्चीवर झेप घेतली. स्क्रू उपटून आला. दुसऱ्या ऑपरेशनच्या भुलीतून तो उठलाच नाही.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद ओढून लिहिलं, "स्क्रू आखूड. चूक माझी." म्हणाले, "बाई, घरी एकट्या जाताय. हे ओझं कशाला नेता?" आणि खोटं बोलणं पाप, हे मिशनच्या शाळेत नन्सकडून घोकून आलेली मी गप्प बसले.

तो स्क्रू मापात होता. पहिल्या ऑपरेशनला हट्टाने मीच ट्रेजवळ उभी होते, मोजून मीच हातात दिला. विश्वस्तहो, एक्स-रे एकदा उजेडासमोर धरला असतात तर तुम्हालाही दिसलं असतं. पण त्यासाठी बघावं लागतं!

मानपत्र नंतर वाचा. आधी तो कागद मागवा. खरं काय ते लिहून मी सही करते.

डॉक्टर, मान वर करा बघू.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. सभेला माझे शब्द टोचले असतील, तर पोटात घाला. बोलायला उशीर केला, त्याची क्षमा मात्र मी या एकाच माणसाकडे मागते.