तीन गाठींचं काय करायचं

डॉक्टरबाई : ...माझा हात वर गेला नाही, सर, कारण मला पटलंच नाही. बैठकीत तुम्ही हात वर केलात की बाकीचे न विचारता करतात.

सर : अख्ख्या विभागासमोर माझं नाक कापलंस.

डॉक्टरबाई : मी एवढंच म्हटलं, की त्या बस चालवणाऱ्या बाईंच्या बाबतीत आपल्याला नक्की माहीत नाही.

सर : काय माहीत नाही? स्तनातली गाठ काढली. काखेतल्या पहिल्या तीन गाठी तपासल्या, तिन्हींत कॅन्सर निघाला. आता उरलेल्या सगळ्या गाठी काढून काख पूर्ण साफ करायची. विषय संपला.

डॉक्टरबाई : एक-दोन गाठी असत्या तर नुसत्या रेडिएशनवर भागतं, हे तुम्हीच मान्य करता. पण ते ज्या अभ्यासांवरून ठरलं, त्यांत तीनवाल्या बायका मोजक्याच होत्या. साफ करायलाच हवी, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. नको, हेही नाही.

सर : मग काढून मोकळं व्हायचं! काखेत उलटलेला कॅन्सर तू पाहिला नाहीस. मी पाहिलाय. अजून झोप उडते माझी.

डॉक्टरबाई : आणि काख साफ केल्यावर सुजून टम्म झालेले हात तुम्ही पाहिले नाहीत. टाके सुकले की तुमचं काम संपतं. पुढे त्या बायका व्यायामाच्या खोलीत माझ्यापाशी रडतात. कुणाला वेणी घालता येत नाही, कुणाला लेकरू उचलता येत नाही.

सर : सगळ्यांचेच हात सुजत नाहीत.

डॉक्टरबाई : कुणाचा सुजणार, तेही आपल्याला माहीत नाही.

(दार उघडून ड्रायव्हरबाई आत येतात.)

ड्रायव्हरबाई : माफ करा हं, बाहेर सगळं ऐकू येतंय. भांडण माझ्याच काखेवरून आहे, म्हटलं आपणही यावं.

सर : बसा, ताई. घाबरू नका, आम्ही ठरवतो.

ड्रायव्हरबाई : बसण्याचाच पगार घेते मी, उभीच बरी. एवढं सांगा, काख साफ केली की मी वाचले?

सर : तशी खात्री... नाही देता येत.

ड्रायव्हरबाई : आणि नाही केली तर मेले?

सर : तसंही नाही.

ड्रायव्हरबाई : मग मला माझा हात हवाय. डेपोतली पहिली बाई मी. स्टिअरिंग मिळेपर्यंत लोकांनी जीव नकोसा केला होता. तो हात मी तुमच्या 'बहुतेक'वर सोडणार नाही. रेडिएशन द्या.

डॉक्टरबाई : ताई, यात धोका जास्त असेल, नसेलही. गोड बोलून फसवणार नाही मी तुम्हाला.

ड्रायव्हरबाई : म्हणून तर तुमचं ऐकतेय.

सर : आणि परत आला तर?

ड्रायव्हरबाई : तर ढसाढसा रडेन आणि तुमच्याच दारात येईन. त्या दिवशी 'मी सांगितलं होतं' असं म्हणायचं नाही.

सर : ...नाही म्हणणार.

ड्रायव्हरबाई : चला, एवढं तरी नक्की झालं.