मांडवामागचं दार

(पनवेलजवळ, शिरढोणच्या वाटेवरचा बर्फाचा कारखाना. दिवस बराच वर आलेला. मागच्या अंगणातून बायकांचं गाणं ऐकू येतंय.)

हेतल : ते सगळं बघितलं, काका. मास्क बघितले, शॉवर बघितला, सेन्सर बघितला, पन्ह्याचा दुसरा ग्लासही झाला. आता मागचा गेट दाखवा.

दाजी : मागं काय हाय, बाय? गवत हाय नि एक कुत्रा हाय. तू आधी पोहे खा.

हेतल : पोहे झाले.

दाजी : मंग चाय.

गोदू : आवो, पोरीला किती भरवाल? तिला कंपनीनं कारखाना तपासाया धाडलंय, डोहालजेवनाला नाय.

हेतल : काकी, बारापर्यंत मला रिपोर्ट पाठवायचाय. आमच्या कंपनीला दोन वर्षं रोज मासळीसाठी बर्फ लागणार. तो तुमच्याकडून घ्यायचा की दुसरीकडून, ते या रिपोर्टवर ठरणार. त्यात मागच्या गेटचा रकाना रिकामा कसा ठेवू?

दाजी : ‘उघडा’ लिव. मी सांगतो ना.

हेतल : तुम्ही सांगता म्हणून लिहायचं असतं तर मी घरी बसूनच लिहिलं असतं.

गोदू : घ्या.

दाजी : तू गप गो, गोदू.

हेतल : आणि ते गाणं? तो कुत्रा गातोय का?

गोदू : ती सोनाबाय. धवलारीन, लग्नाची गानी, धवले गाते ती. आमचे मोठे दीर, काशिराम, त्यांच्या नातवाची आज हलद हाय. सकालपासून धवले चाललेत.

हेतल : माहितेय मला. कामोठ्याची आहे मी. हळदीच्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला झोप नसते. पण मांडव कारखान्याच्या आवारात?

दाजी : जागा दोघांची ना. दादाची नि माझी. घराच्या पुढं आता सगल्यांच्या गाड्या उभ्या. एका घरात तीन मानसं नि चार गाड्या. मांडव टाकायचा कुठं?

हेतल : आणि गेट?

गोदू : मांडवामागं. गेटला कनात, कनातीला टेकून सोफा, सोफ्याला टेकून डीजेचे खोके.

हेतल : म्हणजे बंद.

दाजी : झाकलाय. बंद नाय.

हेतल : बर्फ गोठवायचा अमोनिया सुटला तर तो इतका बारकाईनं विचार करायचा नाही, काका.

दाजी : एक रोज, बाय. उद्या वरात गेली का मी स्वता कनात सोडतो. तू परवा ये. मटन ठेवतो तुझ्यासाठी.

हेतल : मी जैन आहे.

गोदू : घ्या अजून.

हेतल : हे बघा, हे असंच लिहिलं तर करार तिथंच संपला. पण माझ्यासमोर गेट मोकळा केलात तर मी ‘सापडलं, लगेच दुरुस्त केलं’ असं लिहू शकते. कंपनीला ते चालतं. उलट आवडतं.

दाजी : मना नाय जमनार.

हेतल : एक कनात सोडायचीय फक्त.

गोदू : कनात सोपी हाय गो. दीर अवघड हायत. त्यांना ही जागा गोडाऊनवाल्याला द्यायची हाय. बसून भाडं, ना बर्फ ना कटकट. ह्यांनी पाया पडून थांबवलंय त्यांना, का दादा, ह्या कंपनीचा करार तेवढा बगू, झाला तर कारखाना ऱ्हाऊ दे. आता ज्याच्या सहीवर कारखाना ऱ्हायचा, त्याच्याच नातवाच्या मांडवाला हात लावायचा.

हेतल : आणि नाही लावला तर करार नाही.

गोदू : आता आलं ध्यानात. म्हून तुला पोहे खा, चाय घे.

दाजी : जातो. बोलून बगतो. फार तर काय, मारील.

गोदू : जावा. नि टोपी काढून बोला, टोपी घालून तुमी भांडायाच आल्यासारखे दिसता.

हेतल : काकी, खरं सांगा, हे मास्क, सेन्सर, सगळं उभं कुणी केलं? काका तर सेन्सरला घंटी म्हणतात.

गोदू : जगननं केलं म्हन.

हेतल : जगन कोण?

गोदू : आमचा कामगार. एकदा गॅसचा वाल फुटला. सगले पुढच्या दारानं पलाले, नि वारा बी त्याच दारानं चाललेला. पुढं मानसं, पाठी गॅस. जगनचे डोले जाता जाता वाचले. तो सबंद हंगाम कारखाना बंद ऱ्हायला. बोटवाले काय थांबतात आपल्यासाठी? मासली थांबत नाय, तर ते कशाला थांबतील. तवा मी ह्यांना म्हनलं, वरती वारा कुठं चाललाय ते दावनारी पिशवी लावा, मागं दार पाडा, घंटी आना. हे म्हनले, खर्च फार हाय. मी म्हनलं, खर्च कंचा नि बियानं कंचं, ते शेतकऱ्याच्या पोराला मी सांगू?

हेतल : उगवलं का मग बियाणं?

गोदू : पायपाचे सांधे नीट केले तर गॅस अर्धाच लागाया लागला. आधी तो सगल्या गावाच्या नाकात जायाचा, पैसा आमचा. विमेवाला पन नरम आला. कामगार हंगामात सोडून जायचे, ते आता बायकोच्या भावाला बी घेऊन येतात. नि आता तू आलीस दारात. चोपडीत लिवलं नाय म्हून काय झालं, जमेची बाजू मना दिसते.

हेतल : आणि भोंगा वाजल्यावर बाहेर पडायचा सराव? नियमित होतो?

गोदू : दर महिन्याला, अष्टमीला. त्या रोजी भांगाची भरती, पानी कमी चढतं, बोटी कमी, बर्फाला गिऱ्हाईक नाय. पयल्यांदा भोंगा वाजवला तर एक बी मानूस हालला नाय. मंग मी मागच्या दाराबाहेर, जिथं जमायचं त्या झाडाखाली वडे तलले. दुसऱ्या महिन्याला सगले हजर. आता गाव बी येतो. दीर तर सगल्यांच्या पुढं.

हेतल : काशिरामकाका?

गोदू : सोंगं हायत म्हनतात, नि चार वडे खातात. आले बग हे. टोपी हातातच हाय.

दाजी : नाय म्हनला. मुहूर्ताचा मांडव कंपनीच्या पोरीसाठी मोडायचा का म्हनला. वर हलद लावली माझ्या तोंडाला, सगल्यांसमोर.

गोदू : दिसते. बरी दिसते.

हेतल : काका, माझं एकच काम राहिलंय. भोंगा. न सांगता वाजवायचा आणि माणसं कशी बाहेर पडतात ते बघायचं.

दाजी : आता? धवला चाललाय, बाय. धवला मदी तोडत नाय. सोनाबाय तर आग लागली तरी उठायची नाय.

हेतल : म्हातारी माणसं आहेत. नको वाटत असेल तर नका वाजवू, मी तसं लिहीन.

गोदू : वाजवा.

दाजी : अगो, दादा मना जल्मात…

गोदू : ते मग बगू. दर महिन्याला चुलीपुढं मी भाजते, ती काय वडे विकाया? वाजवा म्हनते ना. नि जिन्यावर या, हितनं सगला मांडव दिसतो.

दाजी : वाजवला. आयकू येतंय ना? देवा.

हेतल : कुणी उठत नाहीये.

गोदू : थांब जरा. बग, माना वर केल्या. पिशवीकडं बगतात.

दाजी : वारा पच्छिमेचा हाय. पुढनं नाय जायचं, मागच्या दारानं जायचं… वलले. सगले मागं वलले, गोदू.

हेतल : गाणं थांबलेलं नाही.

गोदू : सोनाबाय उठली. गातच उठली. नवरदेवाला हाताला धरलाय, पाटाला बी बगलेत मारलाय. धवला काय तोडला नाय तिनं.

हेतल : कनातीपाशी अडले सगळे.

दाजी : दादा पुढं झाला. सोफा उलथवला. ओरडतो कुनावर? कोयता मागतो.

गोदू : नारलाचा कोयता दिला कुनीतरी. आवो, कापली. वरपासनं खालपर्यंत कापली कनात.

हेतल : मुहूर्तमेढीला काही नाही ना झालं?

गोदू : ती पुढच्या अंगाला हाय, हालली बी नाय. दार उघडलं. म्हाताऱ्या पयल्या, मंग पोरं. दीर दारात उभे, एकेकीला बाहेर काढतात.

हेतल : चला मग, आपणही जायला हवं. भोंगा आपल्यालाही लागू आहे.

दाजी : तुमी पुढं व्हा दोघी. मी आताच दादाकडं जातो, उशिरा गेलो तर जास्त मार लागंल.

गोदू : बस हितं, बाय, झाडाच्या बुंध्याशी. डोकी मोजू दे. तुझं लिवून झालं का?

हेतल : झालं. ‘मागचा गेट मांडवाने अडलेला होता. माणसांनी स्वतःच मोकळा केला. सगळे बाहेर, कुणाला इजा नाही.’ माझ्याकडून करार द्या म्हणून पाठवलं. सही वरचे करतील, पण माझा शेरा आजवर कुणी फिरवलेला नाही.

गोदू : ती सोनाबाय बग. झाडाखाली पाट मांडला, हलद पुन्हा सुरू. नि त्या पोरी मना विचारतात, काकी, वडे कुठं हायत?

हेतल : काका आले. फार रागावलेत का ते?

दाजी : पयल्या शिव्या दिल्या. आईबापावरनं दिल्या. म्हंजे त्याच्याच.

गोदू : नि मंग?

दाजी : मंग विचारलं, खरंच फुटला का वाल? मी म्हनलं, नाय दादा, तपासनी व्हती. पोराकडं बगत बसला, सोनाबाय त्याला हलद लावते तिकडं. नि म्हनतो, फुटला असता तर ह्या पोराला मीच कोंडून ठेवला व्हता रं.

हेतल : आणि जागेचं? गोडाऊनवाल्याला देणार? हे रिपोर्टसाठी नाही, मलाच विचारायचंय.

दाजी : उठताना म्हनला, पुढच्या वर्साला धाकट्या नातवाची हलद. मांडव हितंच घालू, दार मोकलं सोडून.