ट्रॉलीतली मंधातली जागा

आसेगावच्या पल्याड, नाल्याच्या त्या अंगाले आमची वस्ती हाय, तथीच माहा जन्म झाला अन तथीच आता बसून हाओ. जन्म कोन्त्या साली ते नका विचारू. माय सांगे का ज्या साली नाल्यावरच्या पुलाचं काम निघालं त्या साली तू झाला, अन पूल त मंग दोनदा वाहून गेला, दोनदा नवा झाला, आता कोन्ता पूल धराचा ते तुमीच पाहा. शाळेत दुसरीपर्यंत गेलो. मास्तर मारत नव्हता, चांगला होता बिचारा, पन बाप म्हणे बैलाले अक्षर वळखू येत नाही अन तुले बैल वळखू येते, चाल वावरात. गेलो मंग. पन सही करतो मी, आंगठा देत नाही कोठी, हे लिहून घ्या.

आमची जमीन बरड, पान्याची सोय नाही. सोयाबीन निघालं का वस्तीले काम राहत नाही, मंग अर्धी वस्ती दाराले कडी लावते अन परमुलखात कामाले निघते. आता ऊसतोडीले जाते, बापाच्या टायमाले कापूस वेचाले, ज्वारी सोंगाले जात. तवा बैलगाड्या होत्या, एकामांग एक लाइन लागे, पयली गाडी माह्या बापाची. काहून पयली? बाप गाडी भरे म्हणून. गाडी भरनं म्हणजे पोतं उचललं अन फेकलं असं नोहे. पुढं वजन जास्त झालं त गाडी धुरेजड होते, सारा भार बैलाच्या मानेवर येते, बैल दुपारपर्यंत बसते. मांगं वजन जास्त झालं त गाडी उलाळ होते, जू वर उचलते, बैलाच्या गळ्याले फास लागते. म्हणून जड ते आसाजोळ, चाकाच्या दांड्यावर, मंधात. अन सगळ्यात जड काय, त पानी. पोतं एकदा ठुलं का मेल्यावानी पडून राह्यते, पानी जितं असते, गाडी हालली का ते आत चालते. बाप पयले पान्याच्या घागरी आसावर कडब्यात घट्ट बसवे, मंग पोते, मंग भांडेकुंडे, मंग आमी लेकरं, अन राह्यली जागा त माय. नाही त माय पायी.

पान्याची छागळ होती एक, कापडाची पिशवी, ते गाडीच्या बाजूनं लटके, वारा लागून थंडगार होये. तसं पानी आता फ्रीजचंही लागत नाही. जाऊ द्या.

बापाचे दोन कायदे होते. पान्याले पाय लागला नाही पायजे, म्हणून पान्याच्या वर कोनी बसाचं नाही. अन निघतानी रिकामं भांडं संग न्याचं नाही. भरलं भांडं घेऊन निघा, रिकामं घेऊन निघालं त सारा रस्ता रिकामा जाते. हे दोन कायदे मी जलमभर पाळले. लोक हासत, हासो.

मंग गाड्या गेल्या, बैल गेले, ट्रक आले, अन आता ट्रॅक्टर अन त्याच्या मांगं दोन ट्रॉल्या. मांगच्या ट्रॉलीत बकऱ्या, कोंबड्या, बांबू, ताडपत्र्या. पुढच्या ट्रॉलीत धान्य अन मानसं, अन बरोब्बर मंधात पान्याचा निळा डरम. डरम माहा. म्हणजे घरचा. गुडघे गेले, कोयता धरवेना, मंग लोक म्हणाले बुढा आता घरी बसन. मी म्हटलं बसतो का काय घरी, पान्याचं मी पाहीन. तवापासून डरम मीच भरो, मीच चहूबाजूनं दोर बांधो, त्याच्या बाजूले मीच बसो. कोनी आपला गिलास डरमात बुडवाचा नाही, गिलास पुढं करा, मी देतो. पानी पयले लेकराले, मंग बाईले, मंग गड्याले, अन बिडी पेनाऱ्याले सगळ्यात शेवटी. दोन-दोन दिवस रस्ता चाले पन माह्या डरमातलं पानी सरलं असं कोनी म्हणून दाखवावं. उसाच्या फडावरही लोक म्हणत पानीबुढा आला. आता हे नाव मले कोनी देल्लं नव्हतं, पडलं आपोआप, पन आवडे मले, कायले खोटं बोलू.

माहा एकच लेक, गजू. तोच ट्रॅक्टर चालवते. बायको माही काशी, ते जाऊन वर्सं झाली, नाही त यंदा असं झालंच नसतं, सूनीले ते घेऊन घरी बसली असती. सून सुमन. लग्नाले गंज दिवस झाले, पोट राहत नव्हतं, वाशीमच्या दवाखान्यात चकरा मारल्या, देव झाले, अंगारे झाले, अन यंदा राह्यलं. सोयाबीन सोंगलं तवा सातवा चालू होता. डाक्टरीन बाई म्हणाली हे नाजूक हाय, हिले धक्के नका बसू देऊ, अजून घरीच राहू द्या. घरी राहू द्या म्हणे. घरी कोन? माहेरी तिले माय नाही. इकडं मी, बुढा गडी, मी काय बाळंतपन करू? तिची मोठी बहीन तिकडं फडावर आधीच गेलेली, तथून दवाखानाही जवळ, तेच तिचं सारं करनार होती. म्हणजे जानं भागच होतं. एसटीनं जाय म्हटलं त ती म्हणे मामाजी, तीन जागी गाडी बदला लागते अन जागा भेटते मांगच्या शिटवर. ट्रॅक्टर सावकाश चालते अन हाक मारली का थांबते.

निघाच्या दिवशी सकाळी सकाळी मी डरम भरला. गळ्यापर्यंत, कारन अर्धा डरम भरल्यापेक्षा वाईट, आतल्या आत लाथा मारते. चार गड्यायनं उचलून मंधात ठुला, मी दोर आवळला. तेवढ्यात गजू आला. म्हणे बाबा, डरम मांगं घ्या, मंधात सुमनची गादी टाकाची हाय, तथी कमी आदळते.

मी म्हटलं पानी मांगं जात नसते, गाडी उलाळ होते.

म्हणे बरं, मंग पुढं घ्या.

म्हटलं धुरेजड होईन.

गजू हासला. म्हणे बाबा, तथी बैल नाही, हूक हाय लोखंडाचा, हुकाची मान दुखत नाही.

साऱ्या वस्तीसमोर बोलला. मी म्हटलं लोखंडालेही मान असते, अन तुह्या बापालेही हाय, तू शिकवू नको मले. मंग म्हणे पोत्यायवर चढवा. वर चढवला त वळनावर ट्रॉली घेऊन पडन तो. मंग म्हणे ओता ते पानी, रिकामा नेऊ, आता दर पंपावर पानी भेटते. रिकामा! निघतानी रिकामं भांडं, अन घरात पोटुशी सून! मी म्हटलं रिकामा डरम निघालाच त माह्या उरावरून ट्रॅक्टर नेजो. तो ट्रॅक्टरकडं गेला. तापट नाही तो, काशीवर गेला.

शेजारची गोदावयनी पोत्यावर बसून पाहत होती, तिची जीभ म्हणजे विळा. म्हणे वा भाऊजी, पानी बसलं राजावानी मंधात अन सून शेपटीले. मी म्हटलं वयनी, रस्त्यानं पानी मांगजो मंग सांगतो. म्हणे मी तहानेनं मरन पन तुमच्या हातचं पेनार नाही. दरसाली असंच म्हणते अन सगळ्यात जास्त तेच पेते.

सुमननं गादी उचलली, मांगं नेऊन टाकली, फळीले टेकून बसली. मले एक शब्द नाही. बोलली असती त मी भांडलो असतो, भांडन मले येते.

निघालो. वस्तीतून डांबरीवर याचं म्हणजे तो पूल ओलांडा लागते, अन पुलाच्या अल्याड-पल्याड पान्यानं नाल्या पाडल्या हायेत. गजू अगदी मुंगीवानी चालवत होता. पन ट्रॉलीचं शेपूट म्हणजे शेपूटच, चाक हातभर उतरलं का शेपूट दोन हात आपटते. पयला धक्का बसला. मी डरमाले हात लावून पाह्यलं, डरम हालला नव्हता, थेंब सांडला नव्हता. मनात म्हटलं पाह्य, याले म्हणते बांधनं. अन मांगं पाह्यलं, त सुमननं एका हातानं फळी धरली होती अन एका हातानं पोट, खालून, असं, घागर फुटू नये म्हणून धरतो न आपन, तसं. डोळे मिटले होते. ओठ पांढरे. अन दुसरा धक्का अजून बसाचा होता, पुलाच्या पल्याडचा.

मी वरडलो, थांबव.

गजू उतरून आला, काय झालं बाबा? मी गाठी सोडाले लागलो. आवळलेल्या गाठी, बोटं चालेनात, पन कोनाले हात लावू देल्ला नाही. म्हटलं आपापल्या कॅना आना, बाटल्या आना, घागरी आना, जे हाय ते आना. लोकायले समजेना. गोदावयनी म्हणे आता काय नवीन खूळ? म्हटलं आन वो तू पयले. मंग पुलावरच ट्रॉली उभी करून मी साऱ्यायले पानी वाटलं, गळ्यापर्यंत भरून देल्लं एकेकाले, म्हटलं आपली कॅन आपल्या मांडीशी ठेवा, पायाशी नाही. कोनी रिकामं निघालं नाही. डरम सरला त गड्यायनं खाली उतरवला. अन सुमनले म्हटलं, बाई, आन तुही गादी इकडं.

ती म्हणे मामाजी, तुमचा डरम?

म्हटलं डरमाले पोट नाही दुखत. बस.

बसली ती मंधात. दोन्ही बाजूनं मी पोते लावले, मांगं गोधडी लावली, हात फिरवून पाह्यलं कोठी कडक त नाही. भरली गाडी माह्या बापानंही पाह्यली असती त नाव ठुलं नसतं. मंग मी ट्रॉलीतून खाली उतरलो, चपला घातल्या, अन डरम आडवा करून वस्तीच्या अंगाले लोटाले लागलो.

गजू म्हणे बाबा, कोठी चालले? चढा वर. जागा हाय.

जागा होती, खोटं नाही बोलत. मांगं शेपटीले होती. पन तुमीच सांगा, मी काय म्हणून बसू? कोयता मले धरवत नाही, पानी त आता ज्याच्या त्याच्या मांडीशी. मंग मी सामानच झालो न? सामान म्हणून मी कधी कोन्या गाडीत बसलो नाही. गजू पाया पडला, म्हणे मी रागात बोललो, हुकाचं मनावर नका घेऊ. म्हटलं हुकाचं नाही रे. तू बराबर बोलला असंही मी म्हणत नाही. मी घरी राह्यतो, घराले मानूस पायजे. सुमन रडाले लागली, तिले म्हटलं रडू नको, पोटातल्याले समजते. गोदावयनीनं आपली भरली कॅन मांडीशी ओढून घेतली. मी ट्रॉलीच्या फळीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतो तशी. चाला. पल्याडचा खड्डा गजूनं कसा उतरवला ते मी पाह्यलं नाही, पाठ करून उभा होतो, फक्त आयकलं. कोनी वरडलं नाही.

डरम घराच्या मांगं उभा हाय. वस्तीत आता सारे बुढे-बुढ्या. नळ दिवसाआड येते, अन येते तवा लाइन लागते. लाइनीत मले म्हणते, ओ बाबा, मांगं लागा. लागतो. कंटाळा आला साऱ्याचा, खरं सांगू का तुमाले, भांडाचाही कंटाळा आला. सकाळी चूल पेटवतो, भाकर येत नाही मले नीट, जाड होते, तेच खातो. ट्रॅक्टर पोचला तवा गजूचा फोन आल्ता. म्हणे सुमन ठीक हाय, मंधात काहीच लागलं नाही तिले. मी म्हटलं बरं, ठेव.

मंग गेल्या बाजाराच्या दिवशी पुन्हा आला. पोरगी झाली. नववा भरून झाली, दोघी चांगल्या हायेत. फोनवर दाखवली मले, पन माह्या डोळ्यात मोतीबिंदू, काहीतरी लाल-लाल दिसलं, हाललं. मी म्हटलं नाक काशीचं हाय. दिसलं काही नव्हतं. सुमन म्हणे मामाजी, या न आता, आमी घ्याले मानूस पाठवतो. नाही म्हटलं. येतील न ते मिरगाच्या आधी, तवा पाहीन, मी काय पळून जातो.

अन एक लिहा शेवटी. देव त्या पोरीले शाळा देवो, डोक्यावर पक्कं छत देवो. तिची माय बसली, आजी बसली, पंजी त चाकामांगं पायी चालली. तिले ट्रॉलीत जागाच न लागो, ना मंधात, ना मांगं.