दादा पडला नाही

…आणि वर तोंड करून विचारतात काय, "कुठून पडला रे तुझा दादा?" अहो, पडला नाही, तापानं गेला! घरात, अंथरुणात, आईच्या हाताला धरून गेला! पण तुम्हाला सांगतो, माणूस हँग ग्लायडर उडवायचा, कापडी पंखाला लटकून डोंगरावरून उडायचा म्हटलं की लोकांच्या हिशेबी तो पडलाच. इस्त्रीवाले काका तर माझ्या शर्टावर इस्त्री तशीच ठेवून म्हणाले, "पंख सेकंडहँड ना? मग दुसरं काय होणार!" शर्ट जळला माझा… पण ऐकतंय कोण?

सेकंडहँड होता, मान्य! एका दातांच्या डॉक्टरचे गुडघे गेले म्हणून त्यांनी विकायला काढला, दादानं स्वस्तात घेतला. पण घ्यायच्या आधी उडायला शिकवणाऱ्या मास्तरांना सोबत नेलं. त्यांनी कापड उन्हात धरून पाहिलं, नळ्यांवरून बोटं फिरवली, तारा सगळ्या नव्या घालायला लावल्या. हेल्मेट तर कोरं! म्हणाले, "दुसऱ्याच्या हेल्मेटनं काय काय सोसलंय, कुणाला ठाऊक?" इतकं जपणारा माणूस पडतो होय?

मग फिरलं माझं डोकं. म्हटलं, याच पंखावर मी उडतो, बघू दे सगळ्यांना!

आई म्हणाली, "एक गेला तेवढा पुरे नाही का?"

"आई, तूसुद्धा? तो पडला नाही, तापानं गेला!"

"मला सांगतोस? माझ्याच हातात…" आणि उठली, पंखाखाली आडवं लटकायची दादाची ती पिशवी माझ्या अंगाला लावून बघायला लागली. तोकडी! माझे पाय बाहेर! "अंथरूण पाहून पाय पसरावेत, गाढवा," म्हणाली… आणि खाली वीतभर कापड जोडून दिलं.

कितीतरी दिवस पंख खांद्यावर घेऊन उतारावर नुसता पळालो. कोंबडीसारखा! आणि एकदा पळता पळता पाय जमिनीला लागेचनात… अहो, उडालो! झुडपं खाली, मी वर! मास्तर खालून ओरडतायत, "हातातली दांडी आवळू नकोस!" मी वरून ओरडतोय, "दादा, बघ!" बघता बघता जमीनच आली की अंगावर… मी पोटावर, तोंडात माती, हनुवटी फुटलेली.

मास्तर धावत आले. आधी पंख बघितला, मग मला. "शाबूत आहे," म्हणाले, पंखाबद्दल. "याच्यावर तुझा दादा जिना उतरल्यासारखा उतरायचा रे."

माती थुंकत होतो, पण छाती अशी फुगली म्हणता…

आता गल्लीत काय चाललंय, ठाऊक आहे? "थोरला काय सुरेख उडायचा! पडतो तो धाकटा." तोंडावर म्हणतात हो, पोरंबाळं हसतात! मी काय करणार? हनुवटीची पट्टी सावरतो, म्हणतो, बरोबर आहे… पडतो तो मीच, दादा नव्हे. येईल त्याला सांगा.