जिंकल्यावर पाजायचं दूध

इटेन गावच्या दवाखान्यात चेलागात नावाची तरुण धावपटू सरावाच्या बुटांतच येऊन रांगेत बसली होती. शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची सून.

"आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंना आधी पाळी आल्याचं सांग."

"आई, हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! दोन वर्षं बंद होती, तेव्हा तुमच्या धावण्याच्या कॅम्पात काय म्हणायचे? पाळी गेली म्हणजे पोरगी शर्यतीला तयार झाली! शहाणेच सगळे."

"मलाही खरंच वाटायचं ते."

"गाईला रोज डोंगरावर पिटाळायचं, चारा मूठभर टाकायचा, आणि वासरू होत नाही म्हणून तिलाच वांझ म्हणायचं!"

"वांझ तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले. आता ताटात मक्याची उगाली दुप्पट कोण वाढतंय?"

"तुम्हीच. पण धावणं मी सोडणार नाही हं."

"सोड म्हणतंय कोण? डॉक्टरीणबाईंनी कमी कर म्हटलंय, तेवढं कर. आणि पोटभर जेव."

"पण आई, पाळी आली म्हणून कुणी दारात मुर्सिक पाजतं का? ते आंबट दूध शर्यत जिंकून येणाऱ्याला पाजतात."

"मग तू काय हरून आलीस? मूल यायचं तेव्हा येईल. रस्ता तर मोकळा झाला!"

सासू चेलागातकडे वळली.

"तुला काय होतंय गं, पोरी?"

"गुडघा दुखतोय."

तेवढ्यात चेलागातचा नंबर लागला. आत गेल्यावर तिनं दार नीट लावून घेतलं.

"बोल, काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझी पाळी थांबलीय," चेलागात म्हणाली.