खणाचा तळ

ही २०१९ सालची गोष्ट. नागपूरच्या महाल भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत होते. शेजारी बळीराम सुतार बसला होता. जुनी टेबलं जमवणारा मंदार आईला दाखवायला आला आणि त्याला हाक मारून थांबला.

“पुस्तक काढून राहिले म्हणते, साहेब?”

“हो, काका. तुम्ही पॉलिश केलेलं तिरप्या पायांचं टेबल कव्हरवर आहे.”

“ते माह्या बापानं बनवलं. सीपी-बेरारची राजधानी नागपुरात होती तवाचं, सरकारी हापिसातलं. खण परत बसवतानी सांधे बोटाले लागले, तवा ओळखलं. बापाचं नाव टाका ना गा, मारोती सुतार.”

“पुरावा लागतो, काका.”

“हाय ना! माहा बाप खणाच्या तळाले खालून पेन्सिलीनं नाव लिहे. साहेबाले दिसू नये म्हणून.”

“मी सगळे खण उलटे करून पाहिले. तळ कोरा आहे.”

“मंग कोणंतरी घासला असन.”

“काका, तळाच्या फळ्या सुट्या करून दोन्ही बाजूंनी तुम्हीच काचपेपर मारला.”

“मी?”

“नाव दिसलं नाही तुम्हाला?”

“मले तवाबी दिसतच नव्हतं. चाचपून घासून राहिलो होतो.”

“मग सांगायचं ना!”

“सांगतलं असतं त देल्लं असतं का काम?”

त्याच आठवड्यात बळीरामचं आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोघांनाही छान दिसू लागलं. मंदारचं पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. त्या टेबलाच्या फोटोखाली छापलं आहे : ‘कारागीर अज्ञात. पॉलिश : बळीराम सुतार.’