होयसाठी उजवा पाय

—अं हं, बोलायचं नाही! जीभ खाली, ओठ सैल, श्वास नाकानं. डॉक्टर काय सांगून गेले? मापाचा लगदा आळेपर्यंत चार मिनिटं तोंड हलवायचं नाही. ट्रे मी धरलाय, तुम्ही नुसते बसा, आजोबा. हललात की माप बिघडलं, माप बिघडलं की कवळी सैल, आणि मग भर उपासनेत तुम्ही 'आमेन' म्हणायला तोंड उघडलंत की वरची अख्खी पंगत पुढच्या बाकावर — सॉरी, सॉरी, मी हसले की माझा हात हलतो. पण करू काय, शनिवारी लग्न आहे माझं, कालपासून कशालाही हसू येतंय! सकाळी हत्यारं उकळायला ठेवली, ती भांड्यात खुळखुळली, तर हसले. डॉक्टर म्हणाले, काय झालं? म्हटलं, चिमटे नाचताहेत. त्यांनी मला बसवून पाणी पाजलं.

मळमळतंय का? उजवा पाय उचला. उचला हो, लाजायचं काय त्यात — हां! पायाकडे ध्यान गेलं की घसा गप्प बसतो. आणि पाय रिकामेच आहेत तर असं करू या — होय म्हणायचं असलं तर उजवा, नाही म्हणायचं असलं तर डावा. कारण मला तुम्हाला एक विचारायचंय. तीन रविवार विचारतेय, आणि तीनही रविवार तुम्ही 'बघू, बाळ' म्हणून चपला शोधायला लागता. आज चपला दाराबाहेर आहेत आणि खुर्चीचं बटण माझ्या पायाखाली आहे.

लग्नविधीचा कागद. तोच. आज पाच वाजता छापायला जायचाय आणि तुमच्या सहीशिवाय जात नाही. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, मलाही जुनीच शपथ आवडते, पण चर्चच्या वडीलमंडळाचा ठराव आहे, अध्यक्षांना विचार. अध्यक्ष कोण? तुम्ही! जुनी शपथ काय होती — मरणानं वेगळं करीपर्यंत. तुमची नवी काय — 'आपलं प्रेम टिकेल तोपर्यंत'. आणि खाली बारीक अक्षरात कारण: आजच्या तरुणांच्या भावना लक्षात घेऊन! आजच्या कुठल्या तरुणांच्या? तुमच्या त्या मंडळात तिघं जण, तिघांची मिळून वयं दोनशेच्या वर आणि दात नऊ! एका तरी तरुणाला बोलावलंत का? नाही. चहा मात्र दोनदा मागवलात. आमच्या नावानं आमचीच शपथ पातळ केलीत, आणि वर आम्ही टाळ्या वाजवायच्या. हा कागद मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याला दाखवला. तो लिफ्ट दुरुस्त करतो ना, त्यानं वाचला, उलटा करून मागं बघितलं, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, लिफ्टच्या दोरानं असं सांगितलं तर चालेल का गं — आत माणसं आहेत, आठवा मजला आहे, आणि दोर म्हणतोय, मला आवडतंय तोवर धरतो? मी इतकी हसले की — नाही, नाही, आता हसत नाही, बघा, हात स्थिर आहे. अडीच मिनिटं राहिली.

आम्ही पोरं तुम्हाला काय म्हणायचो, माहितीय? फूटपट्टी-आजोबा. रविवारच्या शाळेच्या दारात उभे असायचात, मुलींचे फ्रॉक गुडघ्याखाली किती ते मोजत. माझा एकदा दोन बोटं कमी भरला, घरी पाठवलंत. कुठलं शास्त्रवचन होतं हो ते, फ्रॉकाचं? जाऊ दे, डोळे मोठे करू नका, ताण येतो जबड्यावर. तरी मी पुढच्या रविवारी आलेच, कारण पाठांतराचं बक्षीस होतं. देवाच्या डोंगरावर कोण राहील? जो एकदा शब्द दिला की फिरवत नाही, मग त्यात स्वतःचं नुकसान का होईना. हे तुम्हीच शिकवलंत! तर्जनी अशी वर करून! मी पहिली आले, तुम्ही निळी पेन्सिल दिलीत. जन्मात मिळालेलं तेवढंच एक बक्षीस, अजून टोक काढलेलं नाही तिला. म्हणून विचारते — फ्रॉकाला लोखंडाची असलेली तुमची फूटपट्टी शपथेपाशी येऊन रबराची कशी झाली?

कशी झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. तुमचा लेक बायकोला सोडून दुसरीकडे राहायला गेला, आणि पुढच्याच महिन्यात तुमचा ठराव. काळ बदललाय म्हणे! काळ नाही बदलला आजोबा, लेकानं पत्ता बदलला. काळाचं नाव घेतलं की लेकाचं घ्यावं लागत नाही. दुसऱ्या कुणाचा लेक असता तर तुम्ही व्यासपीठावरून नाव घेऊन — थांबा. थांबा, तुमचे डोळे पुसते. औषधाच्या वासानं येतं कधीकधी पाणी. वासानंच आलंय, मी कुठं काय म्हणतेय.

बाहेर बाकावर ती बसलीय ना, तुमची सूनबाई, तुमचा चष्मा मांडीवर घेऊन. तिनंच आणलंय तुम्हाला. लेक गेला, सून राहिली, जिन्यावर हात तिनं धरला. आणि शनिवारी ती तिसऱ्या बाकावर बसणार, आणि तिच्यासमोर ती जुनी शपथ मोठ्यानं — अच्छा! अच्छा, म्हणून होय? लेकाला झाकायला नाही, हिला ऐकायला लागू नये म्हणून? आजोबा, पाय. होय की नाही? — उजवा. अरे देवा. मी तीन आठवडे तुम्हाला ढोंगी म्हणत फिरतेय! अर्धे तरी आहातच, पण अर्धे नाही. पण तिला विचारलंत का? मी विचारलं. मघाशी, फॉर्म भरताना. ती म्हणाली, वाचू दे की जुनी. त्यानं मोडली म्हणून ती खोटी होती होय? मी दिली होती तेव्हा खरीच दिली होती. एवढं म्हणून फॉर्मवर तुमचं वय विचारायला लागली, म्हणजे मीच विचारत होते, ती सांगत होती — बघा, माझं हे असं होतंय!

तुम्हाला वाटत असेल, या पोरीला एवढा पुळका कशाचा. कॉलेज अर्धवट सोडलेली, वडीलधाऱ्यांना ताडताड बोलणारी, हिला शास्त्राचं काय पडलंय? पडलंय. सांगू? सांगते, नाहीतरी तुम्ही कुणाला सांगू शकत नाही — एक मिनिट राहिलंय. आमचे बाबा गेले ना, मागच्या दारानं गेले. चपला हातात घेऊन, आवाज नको म्हणून. मी नऊ वर्षांची होते, जागी होते, मी ते पाहिलं आणि ओरडले नाही. आणि मी बापावर गेलेय, आजोबा. कॉलेज सोडलं ते तसंच — आईला न सांगता, परीक्षेच्या आदल्या दिवशी. त्याआधी शिवणाचा क्लास सोडला, टायपिंग सोडलं, एक चांगली नोकरी सोडली. जरा जड झालं की माझ्या चपला हातात येतात. लोकांना वाटतं मी चिडते ती तुमच्यावर. माझा लिफ्टवाला नाही हो पळणार. तो दोर तुटेस्तोवर धरील. पळणार कोण, तर मी. तुमच्या त्या 'टिकेल तोपर्यंत'मध्ये एक मागचं दार आहे, आणि ते मला लग्नाआधीच दिसलंय. मला दार नको. मला भिंत पाहिजे, चांगली जाड, देवासमोर बांधलेली, म्हणजे पळायला उठले तरी डोकं आपटून परत बसेन. हसताय का? पोट हलतंय तुमचं. हसा, फक्त तोंड नको. मीही हसतेच आहे की. बघा, हसताहसता नाक गळायला लागलं माझं, आणि दोन्ही हात तुमच्यात अडकलेत.

तर आता. शेवटचं. जुनी शपथ, सगळी, एक शब्द न गाळता. होय की नाही? — उचलला! उजवा! थांबा, हा मळमळीचा आहे की होयचा? मळमळीचा असेल तर खाली ठेवा. होयचा असेल तर तसाच धरा. — धरलाय. आजोबा, थरथरतोय तो, सत्तरी उलटलेला पाय आहे. अजून धरलाय! पुरे, पुरे, ठेवा खाली, पडाल खुर्चीतून.

वाजली घंटा. मोठा आ — हं, फट्! काय सुंदर माप आलंय, एक सुरकुती सुटली नाही. शू! काही बोलू नका. तोंड उघडलंत की पहिला 'पण' बाहेर पडेल, मी ओळखते तुम्हाला. होय पायानं झालंय, ते पुष्कळ आहे. ताई! आत या, आजोबांचा चष्मा घेऊन या, त्यांना सही करायचीय. हो, तोच कागद, जुनी शपथ घातलेला. इथं, आजोबा. पेननं हं, पेन्सिलनं केलेली खोडता येते. — झालं. आता चूळ भरा. थुंका. पुढचे कोण?